मंदगतीत थरथरणारे इंजिन

जबलपूर आणि मोटारी यांचे नाते जुने आहे. 1969 साली येथे वाहन निर्माणी सुरू झाली. लष्करासाठी ट्रक आणि ‘जोंगा’ ही दणकट गाडी तेथे तयार होत असे. जोंगाच्या पेट्रोल इंजिनात सहा सिलिंडर होते. सामान्य माणसाच्या रोजच्या परिचयाची गाडी मात्र पुष्कळ लहान आहे. ती म्हणजे 1984 साली बाजारात आलेली आणि पुढे ‘ओम्नी’ या नावाने ओळखली गेलेली मारुती व्हॅन. तिचे इंजिन 796 घन सेंटिमीटरचे असून त्यात तीनच सिलिंडर असतात. 2019 साली तिचे उत्पादन थांबले. तरी मुलांची ने-आण किंवा मालाची वाहतूक करून अशा जुन्या व्हॅनवर चरितार्थ चालवणारे लोक आहेत. सिग्नलपाशी इंजिन थरथरू लागले व बंद पडू लागले, की त्यांचा दिवसाचा रोजगार धोक्यात येतो. अशा वेळी अंदाजाने एकामागून एक भाग बदलल्यास पैसा खर्च होतो आणि दोष तसाच राहतो. क्रमाने तपासणी केल्यास हे टळते.

मंदगती म्हणजे काय?

ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या गतीने चालत राहते, तिला मंदगती किंवा आयडलिंग म्हणतात. ही गती मिनिटाला 900 फेरे आहे असे समजू. चार आघातांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते. म्हणजे एका सिलिंडरमध्ये मिनिटाला 450, तर तिन्ही मिळून 1350 ज्वलने होतात. एक सिलिंडर निकामी झाला, तर एक तृतीयांश शक्ती नाहीशी होते. सहा सिलिंडरच्या इंजिनात हीच हानी एक षष्ठांश असते. त्यामुळे लहान इंजिनाचा थरकाप अधिक जाणवतो. कारागीर याला ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणतात.

वेगात हाच दोष पुष्कळदा झाकला जातो. मंदगतीत इंजिन अत्यल्प हवा घेते. अशा वेळी फाटक्या नळीतून थोडी जास्तीची हवा आत शिरली, तरी पेट्रोल व हवा यांचे प्रमाण बिघडते. तसेच मंदगतीसाठी कार्ब्युरेटरमध्ये असलेला जेट फार बारीक असतो. कचऱ्याच्या एका कणानेही तो तुंबतो.

पहिला प्रश्न : एक सिलिंडर की सर्व?

तपासणी येथूनच सुरू करावी. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, तिला दुसरा प्लग जोडून त्याचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकवून ठेवावा आणि मग इंजिन चालू करावे. चालू इंजिनाच्या वायरला हात लावू नये. तिच्यात हजारो व्होल्टचा दाब असतो. वायर काढल्यावर थरकाप वाढला, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोष त्याच सिलिंडरमध्ये आहे. तिन्ही सिलिंडर असेच पाहावेत.

दोष एकाच सिलिंडरमध्ये असेल, तर त्याचा प्लग काढून रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग निरोगी ज्वलनाचा असतो. कोरडी काळी काजळी पेट्रोल जास्त किंवा ठिणगी दुबळी असल्याचे सांगते. पांढरटपणा पेट्रोल कमी असल्याचे, तर तेलकट ओलावा आत तेल येत असल्याचे सुचवतो. प्लग दुसऱ्या सिलिंडरमध्ये लावून पाहावा. दोष प्लगबरोबर सरकला, तर केवळ प्लग बदलणे पुरे. तसे न झाल्यास वायर तपासावी व सिलिंडरचा दाब मोजावा. दाब कमी आढळल्यास चमचाभर तेल आत टाकून पुन्हा मोजावा. तो वाढला, तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास झडपेकडे किंवा गॅस्केटकडे संशय जातो.

तिन्ही सिलिंडर सारखेच अस्थिर असतील, तर कारण सामाईक असते. प्रथम हवेची गाळणी आणि रबरी नळ्या पाहाव्यात. नळी तडकली असल्यास बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. त्यानंतर कार्ब्युरेटरचा मंदगतीचा जेट स्वच्छ करावा आणि शेवटी ठिणगीची वेळ तपासावी.

ही कामे मोकळ्या हवेत करावीत. बंद जागेत धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो, आणि त्याला वास नसतो. या व्हॅनमध्ये इंजिन पुढील आसनाखाली असते. म्हणून पेट्रोलची गळती दिसल्यास ती आधी थांबवावी.

स्क्रू फिरवणे हा उपाय नव्हे

अनेकदा मंदगतीचा स्क्रू फिरवून फेरे वाढवले जातात. थरकाप कमी होतो, पण दोष जात नाही. केवळ पेट्रोल अधिक जळते. पेट्रोल गाडीच्या प्रदूषण चाचणीत धूर मंदगतीतच मोजला जातो. न जळलेले पेट्रोल तेथे उघडे पडते. म्हणून स्क्रूला हात लावण्याचे काम सर्वांत शेवटी, दोष सापडून दूर झाल्यानंतरच करावे. इंजिनाचा थरकाप ही केवळ खूण असते. तिच्यामागील कारण शोधणे, हेच कारागिराचे खरे कौशल्य होय.