जिवाणूंच्या पेशीतील प्रथिनांची शिस्तबद्ध मोडणी

कडधान्याच्या बियाण्यास पेरणीपूर्वी रायझोबियम जिवाणू संवर्धन चोळण्याची पद्धत आता बहुतेक शेतकरी बंधूंच्या परिचयाची झालेली आहे. संवर्धनाचे पाकीट थंड जागी ठेवावे, चोळलेले बियाणे सावलीत सुकवावे, उन्हात पसरू नये, या सूचनाही सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांच्यामागील कारण क्वचितच सांगितले जाते. पाकिटातील काळी भुकटी ही नुसती खताची पूड नव्हे. तीत कोट्यवधी सजीव पेशी असतात, आणि ऊन, उष्णता व उपासमार यांना त्यांपैकी प्रत्येक पेशीला स्वतःच तोंड द्यावे लागते. या कामी जिवाणू नवी प्रथिने घडवितो हे तर खरेच. पण घडविलेली प्रथिने नेमक्या क्षणी मोडून टाकण्यावरही त्याचा कारभार तितकाच अवलंबून असतो. या मोडणीची माहिती प्रस्तुत लेखात द्यावयाची आहे.

मोडण्याची आवश्यकता काय ?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची ठराविक घडी घातलेली लांब माळ होय. शास्त्रज्ञांनी सर्वांत अधिक अभ्यासलेला जिवाणू म्हणजे मनुष्याच्या व जनावरांच्या आतड्यांत राहणारा ई. कोलाय. त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारे दोन सहस्रांश भागाइतकी असते. तरीही त्या इवल्याशा पेशीत प्रथिनांचे सुमारे २० ते ४० लाख रेणू असतात. यांतील बहुतेक प्रथिने दीर्घकाळ टिकतात. मात्र पेशीला आज्ञा देणारी जी थोडी प्रथिने आहेत, त्यांची गोष्ट वेगळी आहे.

पाण्याला दारे धरणारा मनुष्य एक वाफा भरला की मातीचा लहानसा बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडतो. बांध घालणे हे जसे काम, तसेच तो वेळेवर फोडणे हेही कामच. आज्ञा देणारे प्रथिन काम संपल्यावरही पेशीत शिल्लक राहिले, तर त्याची आज्ञाही चालूच राहील. त्याचे नवे उत्पादन थांबविले तरी जुने रेणू लगेच नाहीसे होत नाहीत. पेशी दुभंगली म्हणजे ते दोन पेशींत वाटले जाऊन निम्मे होतात, एवढेच. ई. कोलायला दुभंगण्यास अगदी अनुकूल स्थितीतही सुमारे २० मिनिटे लागतात, आणि रायझोबियमला तर काही तास. संकट इतका वेळ थांबत नाही. म्हणून नको असलेले प्रथिन मोडून टाकणे हाच जलद उपाय ठरतो.

मोडणीचे यंत्र

प्रथिने तोडणारे विकर पेशीत मोकळे सोडले, तर ते हवे-नको न पाहता सर्वच प्रथिनांचा फडशा पाडतील. ही आपत्ती टाळण्यासाठी जिवाणूने तोडणारी धार पिंपासारख्या पोकळ यंत्राच्या आत ठेवली आहे. 'क्लप-पी' नावाचे हे पिंप प्रत्येकी सात भागांच्या दोन कड्यांचे, म्हणजे एकूण चौदा भागांचे असते. त्याची तोंडे इतकी अरुंद असतात की घडी घातलेले प्रथिन आत शिरू शकत नाही. तोंडावर 'क्लप-एक्स' हे सहा भागांचे दुसरे कडे बसते. ते खूण असलेले प्रथिन तेवढे पकडते, त्याची घडी उलगडते आणि माळ आत ओढते. आत तिचे लहान तुकडे होतात. पुढे त्या तुकड्यांपासून सुटी अमिनो आम्ले निघून नव्या प्रथिनांसाठी वापरली जातात.

पोटात अन्नातील प्रथिने पचतात तेव्हा त्या तोडणीस पेशीची ऊर्जा खर्चावी लागत नाही. येथे मात्र घडी उलगडण्यासाठी पेशी ए.टी.पी. या ऊर्जाद्रव्याचा मोठा व्यय करते. नेमकेच प्रथिन निवडून मोडण्याची ही किंमत होय. ई. कोलायमध्ये अशी ऊर्जेवर चालणारी पाच यंत्रे आहेत. त्यांपैकी 'लॉन' व 'एफटीएस-एच' यांचा उल्लेख पुढे येईल.

मोडावयाच्या प्रथिनावरील खूण कशी असते, याचे एक सुंदर उदाहरण १९९६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी उजेडात आणले. प्रथिन घडत असताना त्याचा संदेश मध्येच तुटला, तर त्या अर्धवट प्रथिनाच्या शेपटाला अकरा अमिनो आम्लांची एक चिठ्ठी जोडली जाते. ही चिठ्ठी दिसताच मोडणी यंत्र ते प्रथिन ताब्यात घेते.

उष्णतेची चाहूल

ई. कोलायमध्ये 'सिग्मा-३२' नावाचे प्रथिन उष्णतेपासून बचाव करणाऱ्या सर्व प्रथिनांच्या निर्मितीची आज्ञा देते. तपमान ३० अंश सेल्सियस असता ते घडत असते, परंतु त्याचे निम्मे रेणू सुमारे एका मिनिटातच मोडले जातात. घडवून लगेच मोडणे हा वरवर पाहता अपव्यय वाटेल. तथापि त्यातच सारी खुबी आहे. तपमान एकाएकी ४२ अंशांवर गेले की मोडणी मंदावते, निर्मिती वाढते, आणि थोड्याच मिनिटांत सिग्मा-३२ चा साठा अनेक पटींनी वाढून बचावाची प्रथिने तयार होऊ लागतात.

हे घडते कसे ? पेशीत बिघडलेल्या घड्या सावरणारी काही साहाय्यक प्रथिने असतात. एरवी ती मोकळी असल्याने सिग्मा-३२ ला धरून एफटीएस-एच या यंत्राच्या स्वाधीन करतात. उष्णतेने असंख्य प्रथिनांच्या घड्या उसवल्या की साहाय्यक तिकडे गुंततात आणि सिग्मा-३२ मोकळे सुटते. दुरुस्ती पुरी झाली की साहाय्यक पुन्हा मोकळे होतात व सिग्मा-३२ ची मोडणी पूर्ववत सुरू होते.

लसूणघास व मेथी यांच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सायनोरायझोबियम मेलिलोटी या जिवाणूतही सिग्मा-३२ च्या जातीची प्रथिने आहेत. त्यांपैकी एक नाहीसे केले असता तो जिवाणू लसूणघासावर गाठी करतो, पण त्या गाठी नत्र स्थिर करण्यास निरुपयोगी ठरतात.

उन्हाचा आघात

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण जिवाणूच्या डी.एन.ए.ला इजा करतात. इजा झालेली पेशी दुभंगली तर बिघाड दोन्ही पेशींत जाईल, म्हणून ई. कोलाय 'सल-ए' हे प्रथिन घडवून विभाजन थांबवितो. दुरुस्ती होताच लॉन हे यंत्र सल-ए मोडून टाकते आणि विभाजन पुन्हा सुरू होते. ज्या जिवाणूत लॉन नाही, त्यात हा अटकाव उठतच नाही. पेशी न दुभंगता दोऱ्यासारखी लांबत जाते व शेवटी मरते. म्हणजे इजा बरी होऊनही, अटकाव वेळेवर न मोडल्यामुळे ती प्राणास मुकते.

लसूणघासाच्या जिवाणूतही लॉनचे महत्त्व दिसून आले आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, त्यात लॉन नसल्यास पेशीबाहेरील चिकट शर्करेच्या निर्मितीवरील नियंत्रण सुटते आणि मुळांवर नीट गाठी धरत नाहीत.

गाठीच्या आतील व्यवस्था

'सीटीआर-ए' या प्रथिनाचा शोध कॉलोबॅक्टर या गोड्या पाण्यातील जिवाणूत लागला. हे प्रथिन डी.एन.ए.ची नवी प्रत निघण्यास अटकाव करते. प्रत काढण्याची वेळ आली की क्लप यंत्र ते मोडते व मार्ग मोकळा होतो. हे मोडणे जिवाणूच्या जीवनक्रमाचा आवश्यक भाग असल्याचे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील ल्यूसी शपायरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखविले.

हेच प्रथिन लसूणघासाच्या जिवाणूतही आहे. मुळाच्या पेशीत शिरल्यावर हा जिवाणू दुभंगणे सोडतो, पण डी.एन.ए.च्या प्रती काढीत राहतो. त्यामुळे त्याचा आकार कित्येक पटींनी वाढतो, आणि अशा फुगलेल्या रूपातच तो हवेतील नत्र पिकास उपलब्ध करून देतो. सीटीआर-ए ची मोडणी घडवून आणणाऱ्या व्यवस्थेत 'सीपीडी-आर' नावाचे एक साहाय्यक प्रथिन असते. लसूणघासाच्या जिवाणूतील असे प्रथिन काढून टाकल्यास गाठीतील हे रूपांतर बिघडते, असे २००९ साली आढळून आले. नत्राची बचत मोडणीच्या या शिस्तीशी कशी निगडित आहे, हे यावरून ध्यानात येईल.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

वरील यंत्रणा कितीही कुशल असली तरी तिला मर्यादा आहेत. ती ऊर्जेवर चालते, आणि पाकिटातील जिवाणूजवळ ऊर्जेचा साठा बेताचाच असतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात तपमान ४२ अंशांच्याही वर जाते; पत्र्याच्या कोठारात ते आणखी वाढते. रायझोबियमला तर २८ ते ३० अंशांचे तपमान मानवते. सतत उष्णता लागत राहिली तर घड्या सावरण्याचे व बिघडलेली प्रथिने मोडण्याचे काम जिवाणूच्या आवाक्याबाहेर जाते. सबब पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. पाकीट अंतिम मुदतीच्या आतील घ्यावे व वापरेपर्यंत थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावे.

२. संवर्धन पिकाच्या गटाप्रमाणेच घ्यावे. सोयाबीनचे संवर्धन हरभऱ्यास चालत नाही. मेथी व लसूणघास यांना मात्र एकच संवर्धन चालते.

३. १० ते १५ किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन वापरावे. त्यासाठी केलेले गुळाचे पाणी पूर्ण थंड झाल्यावरच त्यात संवर्धन मिसळावे.

४. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे. जिवाणू संवर्धन सर्वांत शेवटी चोळावे. चोळलेले बियाणे रासायनिक खतात मिसळू नये.

५. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी ओलीवर पेरावे.

ही काळजी घेण्यास वेगळा खर्च येत नाही. ती घेतली म्हणजे जिवाणूची शक्ती केवळ तग धरण्यात संपत नाही, व मुळाशी पोचल्यावर पिकासाठी काम करण्यास तो सुस्थितीत राहतो.