रशियन सिंहासनाची किंमत

पीटर द ग्रेट १७२५ च्या प्रारंभी मरण पावला, तेव्हा रशियाजवळ बलाढ्य सैन्य होते, नवी राजधानी होती. नव्हता तो निर्विवाद वारस. बादशहाने आपला वारस स्वतःच्या मर्जीने नेमावा, असा कायदा त्याने १७२२ मध्ये केला होता. पण वारस न नेमताच तो गेला. पुढील ३७ वर्षांत सहा राज्यकर्ते सिंहासनावर आले. त्यांतील बहुतेकांचे भवितव्य ठरविले ते राजवाड्यावर पहारा देणाऱ्या खास पलटणींनी.

या कालखंडाचे वर्णन बहुधा कटकारस्थानांची सुरस कथा म्हणून केले जाते. पहिल्या कॅथरिनला गादीवर बसविणारा मेनशिकॉव्ह दोनच वर्षांनी, १७२७ मध्ये, सर्वस्व गमावून सैबेरियात गेला. १७४० मध्ये रीजंट झालेला बिरॉन तीन आठवड्यांत कैद झाला. कथा रंजक खरीच. परंतु या साऱ्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला, हा प्रश्न तीत क्वचितच विचारला जातो.

नोव्हेंबर १७४१ मधील एका रात्री पीटरची कन्या एलिझाबेथ प्रिओब्राझेन्स्की पलटणीच्या सुमारे तीनशे शिपायांसह राजवाड्यात शिरली आणि सव्वा वर्षाच्या बादशहा सहाव्या इव्हानला पदच्युत करून तिने सत्ता घेतली. (तो अभागी जीव पुढे बंदिवासातच वाढला आणि १७६४ मध्ये तेथेच मारला गेला.) त्या तुकडीतील सामान्य शिपाईदेखील उमराव झाले, त्यांना जमिनी मिळाल्या आणि जमिनीबरोबर भूदासही. सिंहासनाची किंमत अशी माणसांच्या रूपाने चुकती झाली.

उमरावांची सक्तीची राजसेवा तिसऱ्या पीटरने फेब्रुवारी १७६२ मध्ये रद्द केली. तरीही जूनअखेरीस ऑर्लॉव्ह बंधू व पलटणींच्या साहाय्याने त्याच्याच पत्नीने, दुसऱ्या कॅथरिनने, त्याला पदच्युत केले आणि काही दिवसांतच तो मारला गेला. उमरावांना दिलेली सवलत मात्र कायम राहिली. राजसेवेच्या मोबदल्यात ज्यांना भूदास मिळाले होते, त्यांची सेवा संपली. भूदासांची गुलामी संपली नाही. उलट, १७६७ मध्ये मालकाविरुद्ध तक्रार करण्याचीही त्यांना बंदी झाली. १७७३ साली पुगाचेव्हने ‘मीच तिसरा पीटर’ असे सांगून बंड पुकारले, तेव्हा हजारो भूदास त्याच्यामागे गेले. दाद मागण्याचे सारे मार्ग बंद झालेल्यांना मृत बादशहाचाच आधार वाटला!

बादशहा पॉलने १७९७ मध्ये वारसाचा निश्चित कायदा केला, आणि त्याच दिवशी भूदासांना रविवारी राबविण्यास मनाई केली. १८०१ मध्ये अधिकाऱ्यांनी त्याचाही राजवाड्यातच खून केला. पहारेकऱ्यांच्या मर्जीवर उभ्या असलेल्या सत्तेला कायद्याचे कवच पुरत नाही.

उमराव १७६२ च्या फेब्रुवारीत मोकळे झाले. भूदासांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाला तो १८६१ च्या फेब्रुवारीत. कारस्थाने एका रात्रीत पार पडत होती. त्यांचे देणे फेडण्यास मात्र ९९ वर्षे लागली.