आईच्या हातचा क्रोशा कसा जपाल?

बुद्ध पौर्णिमा आठवड्यावर आली की आपल्या घरोघरी आवराआवर सुरू होते. मांडणीवरची भांडी घासली जातात, तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर पुसली जाते आणि पेटीच्या तळातून एक वस्तू हमखास बाहेर निघते. ती म्हणजे क्रोशाचा पांढरा रुमाल. कुणाकडे तो मूर्तीखाली अंथरतात, कुणाकडे टी.व्ही.वर घालतात. कुणाच्या दारावर पंचरंगी दोऱ्याचे तोरण असते. आईने, आत्याने किंवा थोरल्या बहिणीने ते विणलेले असते. सणाच्या घाईत धुताना नेमकी तीच वस्तू बिघडते.

माझ्या हातून तसे झाले आहे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि वडील घरी बसले. त्या दिवसांत आई चाळीतल्या बायकांना तोरणे, रुमाल विणून देई. त्यातून मीठमिरची सुटे. उरलेला दोरा जमवून तिने घरच्या बुद्धमूर्तीसाठी एक मोठा गोल रुमाल विणला. पुढे तो पिवळट पडला. एका पौर्णिमेला मी तो पांढराशुभ्र करायचा म्हणून डाग घालवायच्या क्लोरीनच्या पाण्यात रात्रभर भिजत टाकला. सकाळी पिळला आणि एका टोकाला चिमटा लावून दोरीवर टांगला. दुपारी पाहते तो मधले फूल तुटून लोंबत होते. आई एवढेच म्हणाली, “अगं, विचारलं असतंस तर सांगितलं असतं ना!”

म्हणून भगिनींनो, आईने नंतर सांगितलेले आणि मी पुढे शिकलेले इथे देत आहे.

धुण्याआधी

रुमाल कोरडाच झटका. उदबत्तीची राख ओली झाली तर ती दोऱ्यात बसते. मग उजेडाकडे धरून पाहा. कुठे टाका सुटला असेल तर आधी दुरुस्त करा, कारण पाण्यात ते भोक मोठे होते. कोऱ्या कागदावर रुमाल ठेवून पेन्सिलीने कडेची रेघ मारून घ्या. वाळवताना तिचा उपयोग होतो.

रंगीत दोरा असेल तर पांढरे फडके ओले करून त्यावर दाबून पाहा. फडक्याला रंग लागला तर ती वस्तू भिजत घालू नका. पंचरंगी तोरणात निळा आणि लाल दोरा पांढऱ्याशेजारीच असतो. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने सुती दोऱ्याचा सुटणारा रंग पक्का होत नाही, हा जुना समज सोडून द्यावा. असे तोरण गार पाण्यात झटपट धुवावे आणि घडी न घालता लगेच पसरावे.

धुताना

पांढरा रुमाल आधी साध्या गार पाण्यात तासभर ठेवा. पाणी पिवळे झाले की बदला. निम्मा मळ तिथेच निघतो. मग कोमट पाण्यात थोडी साबणाची पावडर पूर्ण विरघळवून त्यात रुमाल हाताने दाबा, सोडा, पुन्हा दाबा. ब्रश नको, धोका नको, दगडावर आपटणे नको. साबण निघेपर्यंत तीनचार पाणी काढा. आत राहिलेला साबणच पुढे पिवळा पडतो. नळाला तासभरच पाणी येणाऱ्या वस्तीत हे जड जाते. शेवटचे पाणी फरशी पुसायला ठेवावे. ज्या समाजाने २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी मार खाल्ला, त्याला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

यंत्रातच धुवायचे असेल तर उशीच्या अभ्य्रात घालून तोंड बांधावे आणि हलक्या फेऱ्यावर लावावे.

डाग आणि पिवळेपणा

मूर्तीखालच्या रुमालावर मेणबत्तीचे मेण हमखास सांडते. ते ओले असताना पुसू नका. घट्ट होऊ द्या, मग नखाने अलगद खरवडा. उरलेल्यासाठी वरखाली कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. मेण कागदात उतरते. कागद बदलत राहा. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई लागते.

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. घाबरू नका. धुऊन उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने फिकट होतो. गंजाच्या डागावर लिंबू आणि मीठ लावून थोडा वेळ उन्हात ठेवा आणि मग भरपूर पाण्याने धुवा. गंजावर क्लोरीन घालू नये, डाग पक्का होतो.

जुना पिवळेपणा काढायला क्लोरीन नकोच. जास्त झाले तर ते सुताची ताकद खाते. माझा रुमाल तसाच गेला. हल्ली ऑक्सिजनची म्हणून जी पावडर मिळते ती पांढऱ्या सुताला सौम्य पडते. पाकिटावरचे प्रमाण पाळून ती कोमट पाण्यात घालावी. नीळ द्यायची तर बादलीभर पाण्यात आधी नीट ढवळावी, नाहीतर ठिपके पडतात.

वाळवणे आणि खळ

खरी चूक इथे होते. सुती दोरा ओला असताना कच्चा नसतो, उलट कोरड्यापेक्षा मजबूत असतो. पण क्रोशा म्हणजे साखळ्या आणि खांब यांची जाळी. तिने पाणी धरले की सगळा भार चिमट्याजवळच्या दोनचार टाक्यांवर येतो. म्हणून पिळू नका आणि टांगू नका. जाड टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा. मग सतरंजीवर कोरडा टॉवेल अंथरा, त्यावर ती पेन्सिलीची आकृती आणि वर पातळ प्लॅस्टिक ठेवा. रेघेला कड जुळवून न गंजणाऱ्या टाचण्या लावा. फुलांच्या पाकळ्या बोटांनी सरळ करा. सावलीत वाळू द्या.

कडक हवा असेल तर एक चमचा आरारूट थोड्या गार पाण्यात कालवून दोन पेले उकळत्या पाण्यात शिजवा. गाळून, कोमट झाल्यावर रुमाल बुडवा आणि दाबून काढा. इस्त्री करायची तर उलट्या बाजूने, खाली टॉवेल ठेवून करा. म्हणजे उठावाची फुले चेपत नाहीत.

ठेवताना

वर्षभरासाठी ठेवायचे तर खळ धुऊन काढून ठेवा. खळीवर कसर येते आणि सूत खाते. उघड्या लाकडावर किंवा पुठ्ठ्यात ठेवू नका, त्याने सूत पिवळे पडते. धुतलेल्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा. घडीपेक्षा गुंडाळी बरी, कारण घडीच्या रेषेवर दोरा झिजतो.

मोल हातांचे

आंध्र प्रदेशातील नरसापूर भागात क्रोशाची लेस विणणाऱ्या हजारो बाया आहेत. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला तिथल्या ख्रिस्ती झालेल्या गरीब दलित स्त्रियांना शिकवली. ही लेस परदेशी गेली, व्यापारी मोठे झाले. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की दिवसाचे सहाआठ तास विणणाऱ्या या बायांना कामगार न म्हणता घरी बसलेल्या गृहिणी म्हटले जाई, आणि मजुरी नगण्य मिळे. २०२४ मध्ये या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले.

आपल्या घरातही तेच होते. आईने संपात घर चालवायला विणले ते काम, आणि आपण म्हणतो “फावल्या वेळात विणायची.” बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा आणि मुलींना शिकवण्याचा उपदेश केला. त्या पिढीच्या बायांनी फाटके नेसून का होईना, घर लखलखीत ठेवले. पांढरा रुमाल ही त्याचीच खूण आहे.

आमचा रुमाल वाया गेला नाही. आईने चष्मा लावून तुटलेले फूल उसवले, आजूबाजूचे टाके नव्या दोऱ्यात धरले आणि मधले फूल पुन्हा विणले. शेजारी बसवून मलाही सुई धरायला लावली. नवे फूल जास्त पांढरे आहे, लगेच ओळखू येते. आजही दर पौर्णिमेला तोच रुमाल मूर्तीखाली असतो. आता तो मी धुते. तुमच्या घरी विणणारे हात असतील तर या पौर्णिमेला त्यांच्याजवळ बसा आणि निदान एक फूल तरी शिकून घ्या.

जय भीम.