पंखांचा जंपसूट, पण किती मोठ्या पंखांचा?

खोपट, ठाणे : प्रतिनिधी

दुबई किंवा बँकॉकची सहल करून आलेली कुटुंबे खोपट-पाचपाखाडीच्या वस्तीत आता नवलाईची राहिलेली नाहीत. त्यांतल्या काहींच्या मोबाइलमध्ये एक चित्रफीत जपून ठेवलेली असते. खाली समुद्रात पसरलेले पाम जुमेरा, वर तेरा हजार फुटांवर प्रशिक्षकाच्या पोटाशी पट्ट्यांनी जखडलेला घरचा मुलगा, वाऱ्याने फुगलेले त्याचे गाल आणि उंचावलेले दोन्ही अंगठे. पाहणारे मुलाचे कौतुक करतात. ती दृश्ये टिपण्यासाठी एक तिसरा माणूसही त्याच्यासमोर दोन-तीन मीटरवरून, नेमक्या त्याच वेगाने खाली येत होता, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

या तिसऱ्या माणसाच्या हातात कॅमेरा नसतो. तो हेल्मेटवर बसवलेला असतो आणि छायाचित्राचे बटण अनेकदा दातांखाली धरलेले असते. हात मोकळे ठेवण्याचे कारण साधे आहे : आकाशात हात हेच त्याचे सुकाणू आणि हातांखालचे कापड हाच त्याचा ब्रेक. त्यामुळे टँडम उडीचे चित्रण करणाऱ्याने जंपसूट कोणता निवडावा, हा प्रश्न शोभेचा उरत नाही. चुकीचा सूट घेतला तर चित्र हुकते, आणि फारच चुकीचा घेतला तर जिवावर बेतते.

आधी टँडमचा वेग समजून घ्यावा लागतो. प्रशिक्षक आणि प्रवासी अशी दोन माणसे एकाच पॅराशूटने उतरवण्याची पद्धत अमेरिकेत १९८३-८४ च्या सुमारास आकाराला आली. दोन माणसांचे वजन एकत्र आले, पण वाऱ्याला अडवणारे अंग मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. ही जोडी इतक्या वेगाने कोसळू लागली की, मुख्य पॅराशूट उघडताना बसणारा हिसका माणसांना आणि कापडाला सोसेना. त्यावर उपाय म्हणून 'ड्रोग' हे छोटे पॅराशूट आले. विमानातून बाहेर पडल्यावर काही सेकंदांतच प्रशिक्षक ते मागे सोडतो आणि जोडीचा वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. एकटा माणूस पोटावर आडवा होऊन पडत असतानाही साधारण याच वेगाने पडतो. म्हणूनच चित्रण शक्य होते.

अडचण आहे ती 'साधारण' या शब्दात. जोडी वजनदार असेल तर ती वेगाने जाते, हलकी असेल तर रेंगाळते. सकाळच्या पहिल्या फेरीत पंचाऐंशी किलोचा गृहस्थ आणि दुसऱ्या फेरीत पंचेचाळीस किलोची महाविद्यालयीन मुलगी, असा क्रम असू शकतो. कॅमेरामन मात्र तोच असतो आणि त्याचा सूटही तोच.

पंखांचे गणित

पडण्याचा स्थिर वेग हा वजन आणि वाऱ्याला अडवणारे क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. शाळेतले हे गणित येथे थेट पैशांच्या आणि प्राणांच्या व्यवहारात उतरते. क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढले तर ताशी २०० किलोमीटरचा वेग सुमारे १९१ वर येतो. फरक किरकोळ भासेल, पण तो सेकंदाला अडीच मीटरांचा आहे. म्हणजे दहा सेकंदांत पंचवीस मीटरांचे, सात-आठ मजली इमारतीएवढे अंतर पडते. तेरा हजार फुटांवरून निघून साडेपाच हजार फुटांपर्यंतच्या मुक्तपतनाला जेमतेम पाऊण मिनिट मिळते. त्यातली दहा सेकंदे वाया गेली की ग्राहकाच्या चेहऱ्याऐवजी निळे आकाशच चित्रित होते.

कॅमेरामनच्या सूटला काखेपासून कमरेपर्यंत, काही नमुन्यांत मांडीपर्यंत कापडी पंख असतात ते याचसाठी. हात पसरले की पंख ताणले जातात आणि वेग घटतो, हात मागे घेतले की वेग वाढतो. तेव्हा पंख जितके मोठे तितके बरे, असे नवख्याला वाटणे स्वाभाविक आहे. ते खरे नाही. मोठे पंख वेग कमी करण्यास उपयोगी पडतात, पण खाली निसटलेल्या जोडीला गाठायचे असेल तेव्हा तेच कापड आडवे येते. हात अंगाशी घेऊनही ते फडफडत राहते, त्या फडफडीने डोके हलते आणि डोक्याबरोबर कॅमेराही.

वजनाचा हिशेब म्हणूनच आधी स्वतःचा करावा. इतर सर्व गोष्टी सारख्या धरल्या, तर सामानासह शंभर किलो भरणारा माणूस पंचाहत्तर किलो भरणाऱ्यापेक्षा सुमारे पंधरा टक्के अधिक वेगाने पडेल. भारी देहाच्या माणसाला मोठे पंख आणि जाडसर, खरखरीत सुती-मिश्र कापड मानवते, कारण असे कापड वारा धरून ठेवते. किरकोळ अंगकाठीच्या माणसाने छोटे पंख, अंगाशी नीट बसणारे बाह्या-पायजम्यांचे माप आणि गुळगुळीत नायलॉन यांचाच विचार करावा. तेवढ्यानेही भागले नाही, तर शिशाची वजने असलेला पट्टा कमरेला बांधतात. मध्यम बांध्याच्या माणसाला मधल्या आकाराचे पंख पुरतात. टँडमसाठी ते सहसा योग्यच ठरतात, कारण त्याला दोन्ही दिशांना वाव हवा असतो.

कापड आणि हत्तीबळाचा वारा

पोशाखाचा प्रश्न पॅराशूटच्या जगात किती नाजूक असतो, याचे मराठी वाचकाला ओळखीचे उदाहरण पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांचे आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमधील पट्टाया येथे सुमारे १३ हजार फुटांवरून नऊवारी नेसून उडी घेतली. सव्वाआठ मीटर लांबीचे ते वस्त्र आधी नेसायचे, जागोजागी पक्के करायचे आणि त्यावर पॅराशूट, हेल्मेट, गॉगल असा सारा सरंजाम चढवायचा, असा तो खटाटोप होता. बातम्यांतून साडीचे कौतुक झाले. खरे कौशल्य मात्र त्या कापडाचा एकही सैल पदर पॅराशूटच्या मुठीपर्यंत पोहोचू न देण्यात होते.

कॅमेरामनच्या पंखांचीही भीती तीच आहे. पॅराशूटच्या पट्ट्यांवर छातीच्या दोन्ही बाजूंना दोन महत्त्वाच्या मुठी असतात. एक बिघडलेले मुख्य पॅराशूट सोडून देण्याची, दुसरी राखीव पॅराशूट उघडण्याची. मुख्य पॅराशूट उघडण्याची मूठ बहुधा पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी, उजव्या बाजूला असते. पंखाचे सैल कापड यांपैकी कोणत्याही मुठीवर येऊन बसले, तर ती चाचपडत शोधावी लागते. त्या वेगात एक सेकंद चाचपडणे म्हणजे पन्नासहून अधिक मीटर खाली जाणे.

दुसरा धोका अधिक लपलेला आहे. मूठ ओढण्यासाठी एकच हात मागे नेला की त्या बाजूचा पंख मिटतो, दुसरा मात्र ताणलेला राहतो. शरीर एका अंगाला कलंडते आणि त्याच स्थितीत पॅराशूट उघडले तर दोऱ्यांना पीळ पडतो. यावर उपाय म्हणजे दोन्ही हात एकाच वेळी सारखे आत घेणे. पंख जितके मोठे, तितकी ही सवय कठोरपणे अंगी बाणवावी लागते. पॅराशूट उघडल्यानंतर दिशा देणाऱ्या दोऱ्यांसाठी हात डोक्याच्या वर न्यावे लागतात. आखूड बेतलेला पंख तेथे काखेत ओढ देतो. तेव्हा सूट घेताना पंख चटकन मोकळे करता येतात की नाही आणि हात पूर्ण वर जातात की नाही, हे पाहावे.

विमानाच्या दारातही पंखांची परीक्षा होते. कॅमेरामन पुष्कळदा जोडीच्या क्षणभर आधी बाहेर पडतो, त्यासाठी दाराबाहेरच्या पायरीवर उभा राहतो. तेथे पंख्याचा झोत असतो. पंख अवेळी उघडला तर तो झोत माणसाला वर, विमानाच्या शेपटीच्या दिशेने उचलू शकतो. जोडीच्या डोक्यावर जाणेही वर्ज्य, कारण तेथे ड्रोग आणि त्याच्या दोरीचा पसारा असतो. पावले झाकणारे मोजेवजा कापड काही सूटना असते. त्याने पुढे सरकण्याची ताकद वाढते, पण पायरीवर पाय निसटण्याची शक्यताही वाढते. चित्रणासाठी ते नसलेलेच बरे.

हे सारे सांभाळताना लक्ष मात्र चौकटीत असते, आणि या कामातली खरी मेख तीच आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात शेकडो उड्यांचा अनुभव असलेला एक चित्रणकार पॅराशूट न बांधताच विमानाबाहेर पडला. त्या काळची चित्रणाची सामग्री अवजड होती, तिचे ओझेच पॅराशूटचे वाटले असावे, असा तर्क नंतर मांडला गेला. आज कॅमेरे मुठीत मावतात. ओझे घटले, लक्ष विचलित होणे घटलेले नाही. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या शिफारशीनुसार कॅमेरा बांधण्यापूर्वी २०० उड्यांचा अनुभव हवा, आणि नवशिक्यांच्या उडीचे चित्रण करण्यासाठी त्याहूनही अधिक. सूट ऐटबाज आहे म्हणून या अटीतून सवलत मिळत नाही.

आता अनेक केंद्रांवर प्रशिक्षकाच्या मनगटालाच छोटा कॅमेरा बांधलेला असतो. बाहेरून चित्रण करणाऱ्याचे वेगळे पैसे पडतात. ते मोजणारा ग्राहक चेहरा, क्षितिज आणि विमान एकाच चौकटीत मागतो. रुंद भिंगात स्वतःच्या पंखाची कडही डोकावते, हे लक्षात ठेवून बाही मनगटापाशी घट्ट असावी. रंग प्रशिक्षकाला दुरूनही दिसेल असा ठळक असावा.

असे सूट बहुधा मापे पाठवून मागवावे लागतात आणि येथे बहुतेकांची फसगत होते. आरशासमोर उभे राहून स्वतःच घेतलेले माप जमत नाही. खोपटच्या एखाद्या जुन्या शिंप्याकडे जाऊन छाती, कंबर, बाही, पाठीची उंची आणि पायाची आतली लांबी घेतलेली बरी. टेप हातात धरलेल्या त्या कारागिराला हात पूर्ण वर नेऊनही आणि गुडघे वाकवूनही माप घेण्यास सांगावे, कारण हा सूट उभे राहण्यासाठी शिवलेला नसतो. काखेत आणि आसनापाशी सैलपणा कमी पडला तर विमानात बसतानाच तो जाणवतो.

सूट आल्यावर तो घालून, त्यावर भरलेली पॅराशूटची पिशवी चढवून, बाकावर पालथे पडावे. डोळे मिटून प्रत्येक मूठ दोन्ही हातांनी दहा-दहा वेळा शोधावी आणि सहकाऱ्याने बाजूला उभे राहून कापड कोठे अडते ते पाहावे. जुना सूट विकत घेतला असेल तर पंखांची शिवण, चेन आणि चिकटपट्टी आधी तपासावी. मातीने भरलेली चिकटपट्टी धरत नाही आणि पंख हवेत असताना आपोआप सुटतो. पहिल्या काही उड्या एकट्याने, पुढच्या अनुभवी मित्रांसमवेत घ्याव्यात. पैसे भरून आलेला ग्राहक त्यानंतरचा.