उंचीपेक्षा रात्री मोजा

13 वर्षे 10 महिने. अमेरिकेचा जॉर्डन रोमेरो 22 मे 2010 रोजी एव्हरेस्टवर पोचला, तेव्हाचं त्याचं वय. तेलंगणाची मालावत पूर्णा 25 मे 2014 रोजी तिथे पोचली, ती 13 वर्षे 11 महिन्यांची असताना. दोघंही तिबेटच्या बाजूने चढले, कारण नेपाळ 16 वर्षांखालच्यांना एव्हरेस्टचा परवाना देत नाही. मुंबईच्या नेव्ही चिल्ड्रन स्कूलची काम्या कार्तिकेयन 1 फेब्रुवारी 2020 रोजी, बाराव्या वर्षी, 6,961 मीटरचं अकोंकाग्वा शिखर चढली; नेपाळच्या बाजूने एव्हरेस्ट केलं ते मे 2024 मध्ये, सोळाव्या वर्षी.

दुसरी बाजू तेंबा त्शेरी शेर्पाची. 2000 साली शाळकरी वयातल्या एव्हरेस्टच्या पहिल्या प्रयत्नात हिमदंशाने त्याची पाच बोटं गेली. पुढच्याच वर्षी, 16 व्या वर्षी, तो शिखरावर पोचला. विक्रमाच्या यादीत वय उरतं, बोटं उरत नाहीत.

रत्नागिरीच्या पालकाला यातलं काय लागू पडतं? समुद्रसपाटीवर हवेचा दाब 760 मिलिमीटर पारा. साधारण 5,500 मीटरवर तो निम्मा होतो, एव्हरेस्टवर एक तृतीयांश. विरळ हवेचा त्रास सहसा 2,500 मीटरच्या पुढे सुरू होतो, आणि आपल्या राज्यातलं सर्वोच्च कळसूबाई आहे 1,646 मीटर. खेडचे रसाळगड, सुमारगड, महिपतगड एका दमात करणाऱ्या मुलाचे पाय तयार असतात. विरळ हवा त्याला कितपत सोसेल, हे सह्याद्री सांगू शकत नाही. तंदुरुस्ती हा त्रास टाळत नाही. उलट दणकट पोर भराभर चढतं आणि लवकर अडकतं.

म्हणून मुलांसाठी तज्ज्ञांनी 2001 मध्ये सावध वेग सुचवला: 2,500 मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला 300 मीटरने वाढवावी, दर 1,000 मीटरला एक दिवस विश्रांती. हिशेब करून पाहा. लुक्ला 2,860 मीटर, एव्हरेस्ट बेस कॅम्पआधीचा शेवटचा मुक्काम गोरखशेप सुमारे 5,160. फरक 2,300 मीटर, म्हणजे चढाईचे 8 दिवस आणि विश्रांतीचे 2. बाजारातले बहुतेक कार्यक्रम हेच अंतर विश्रांतीसकट 8 दिवसांत उरकतात. मोठ्यांना हा वेग चालून जातो. मुलासाठी दोन रात्री कमी पडतात.

बेस कॅम्पची उंची 5,364 मीटर, लडाखच्या खारदुंग ला खिंडीची 5,359. नऊ वर्षांचं मूल बेस कॅम्पला निघालं की शेजारी भुवया उंचावतात. तेच मूल लेहच्या सहलीत तिसऱ्या दिवशी गाडीने खारदुंग लावर फोटो काढून येतं, तेव्हा कोणी काही बोलत नाही. खिंडीत मुक्काम नसतो, हा मोठा फरक. पण किनाऱ्यावरून विमानाने थेट 3,500 मीटरवरच्या लेहला झोपायला जाणं, ही उडी 300 च्या हिशेबात कुठेच बसत नाही.

लहान मूल ‘डोकं दुखतंय’ म्हणेलच असं नाही. आवडीची मॅगी समोर असूनही ते ताट सरकवतं, किरकिर करतं, खेळायचं सोडून आडवं होतं. प्रवासाचा शीण म्हणून हे सोडून दिलं की धोका वाढतो. उंचीवर असताना दुसरं कारण सापडेपर्यंत हा उंचीचाच त्रास समजायचा: वर जाणं थांबवायचं, आणि त्रास वाढला तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

तेव्हा सहल ठरवताना ‘किती मीटर?’ नंतर विचारा. आधी विचारा: पहिल्या चार रात्री कुठे, आणि मूल आजारी पडलं तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार?