पाटपाण्याचा मुलूख आणि सत्तेचा उपहास

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील कोल्हार हे प्रवरेकाठचे गाव ज्या मुलखात वसले आहे, त्याचे रूप विसाव्या शतकात पाटपाण्याने पालटले. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले, कालव्यांखाली उसाचे मळे वाढले आणि कोल्हारशेजारच्या लोणी परिसरात विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभारलेला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. जेथे जमीन, पाणी आणि पैसा अल्पावधीत नव्याने हाती येतात, परंतु सत्तेला आवर घालणाऱ्या प्रथा अद्याप रुजलेल्या नसतात, अशा समाजाला सीमाप्रदेशाचा समाज म्हणता येईल. अमेरिकेच्या पश्चिमेकडील अशाच समाजाचे विनोदी चित्रण मार्क ट्वेन यांनी 'रफिंग इट' (१८७२) या पुस्तकात केले.

मराठीत साखरपट्ट्याच्या या नव्या समाजाचा उपहास, म्हणजे दोषांचे हास्य व उपरोध यांतून केलेले उघड दर्शन, सर्वांत धारदारपणे विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या 'सामना' (१९७५) या चित्रपटात आढळतो. सहकारात भाग कितीही असले तरी प्रत्येक सभासदाला एकच मत असते. मात्र मत असणे आणि जाब विचारण्याचे बळ असणे यांत किती अंतर पडू शकते, हेच या कथेने दाखवले. निळू फुले यांनी साकारलेला हिंदुराव धोंडे पाटील हा कारखान्याचा सर्वेसर्वा मनमोकळा, अगत्यशील माणूस आहे, आणि त्यामुळेच त्याची दहशत अधिक खरी वाटते. त्याच्यासमोर श्रीराम लागू यांचा दारूच्या आहारी गेलेला गांधीवादी मास्तर गायब झालेल्या मारुती कांबळेविषयी पुन्हापुन्हा विचारत राहतो. हिंदुराव आणि मास्तर ही दोन्ही माणसे स्वातंत्र्यानंतरच्या एकाच स्वप्नाची अपत्ये आहेत, ही तेंडुलकरांची जाण निव्वळ खलनायक रंगवणाऱ्या कथांहून फार वरची आहे. चित्रपटाचे निर्माते रामदास फुटाणे याच जिल्ह्यातील जामखेडचे असून, पुढे ते वात्रटिका, म्हणजे छोट्या उपरोधिक कविता, यांसाठी प्रसिद्ध झाले.

याच जिल्ह्यातील संगमनेरच्या महाविद्यालयात अध्यापन केलेल्या रंगनाथ पठारे यांनी 'ताम्रपट' या कादंबरीत स्वातंत्र्योत्तर राजकारणाचा पट विस्ताराने मांडला, आणि तिला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सहकाराचा इतिहास शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने कारखान्यांच्या अहवालांइतक्याच गांभीर्याने या दोन्ही कलाकृती अभ्यासाव्यात.