काच बसली, कॅमेऱ्याचं काय?
लेखमाला : चालती यंत्रं – लेखांक ११

गेल्या आठवड्यात पुढच्या बंपरमागे दडलेलं रडार पाहिलं. धुकं असो की रात्र, पुढची गाडी किती लांब आहे आणि किती वेगानं चालली आहे हे ते चोख सांगतं. पण रस्त्यावर मारलेला पांढरा पट्टा त्याला दिसत नाही, आणि समोरचा आकार माणसाचा की हातगाडीचा हे ओळखण्यातही ते कच्चं. ही कामं कॅमेऱ्याची. हा कॅमेरा आरशाच्या पाठीमागे, समोरच्या काचेला आतून लागून बसवलेला असतो. त्यामुळे बंपर ठोकला गेला की रडारची काळजी आणि काच फुटली की कॅमेऱ्याची.

काच फुटायला आपल्याकडे फार मोठं निमित्त लागत नाही. ताडपत्री न टाकलेला खडीचा डंपर पुढे असला की पुरे. पूर्वी समोरची काच बदलणं हे दुपारभराचं काम होतं. काचवाला जुनी काच उतरवायचा, नवी चढवायचा, पैसे घेऊन जायचा. आता वर्कशॉपच्या एस्टिमेटमध्ये ‘कॅमेरा कॅलिब्रेशन’ अशी एक वेगळी ओळ दिसते आणि पुष्कळ मालकांना ती उगाच घुसडलेली वाटते. ती ओळ खोडायला सांगावी का, याचं उत्तर या लेखांकात शोधू.

हा प्रश्न आता मोजक्या श्रीमंतांच्या गाड्यांपुरता राहिलेला नाही. भारतात २०२० मध्ये एमजी ग्लॉस्टर आली. २०२१ मध्ये चाकणला तयार होणारी महिंद्रा एक्सयूव्ही ७०० आणि एमजी अ‍ॅस्टर आल्या. मग टाटा हॅरिअर, ह्युंदाई व्हर्ना, किया सेल्टोस अशी रांगच लागली. २०२३ च्या होंडा एलिव्हेटमध्ये तर पुढे बघायला रडार नाहीच. सगळी भिस्त काचेमागच्या एका कॅमेऱ्यावर आहे. वाहनचालकाला मदत करणाऱ्या या सगळ्या यंत्रणेला बाजारात ‘अ‍ॅडास’ म्हणतात. ती बहुतेक वेळा वरच्या व्हेरिएंटमध्येच मिळते. आपल्या गाडीत लेन सोडली की सूचना मिळत असेल, तर काचेमागे कॅमेरा आहे असं समजायला हरकत नाही.

तीन थरांची काच

समोरची काच ही एक काच नसते. साधारण दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा, अशी ती तीन थरांची असते. म्हणूनच ती फुटली तरी तुकडे अंगावर उडत नाहीत, काच जागच्या जागी जाळीसारखी तडकते. या कल्पनेचं श्रेय फ्रान्सच्या एदुआर बेनेडिक्टस यांना दिलं जातं. १९०३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत एक चंबू खाली पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थरानं तुकडे धरून ठेवले होते. १९०९ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० क्रमांकाचा नियम समोरची काच अशीच थरांची असावी असं सांगतो आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे अशी अटही घालतो.

ही काच गाडीच्या सांगाड्याचाही भाग असते. पॉलियुरेथेनच्या चिकट सीलंटनं ती चौकटीला जोडलेली असते. गाडी उलटली तर छत तोलून धरण्यात तिचा वाटा असतो, आणि बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूची एअरबॅग उघडताना याच काचेवर टेकून प्रवाशाकडे वळते. म्हणजे काच नीट चिकटलेली नसेल, तर ऐन वेळी एअरबॅगचा आधारच निसटतो.

कॅमेऱ्यामुळे या काचेवर आणखी एक जबाबदारी आली. कॅमेऱ्याला जे काही दिसतं ते या तिरक्या काचेतून दिसतं, आणि कॅमेरा ज्या ब्रॅकेटमध्ये अडकतो तो ब्रॅकेट बहुतेक गाड्यांत काचेलाच चिकटवलेला असतो. काच बदलली की डोळ्यापुढचं भिंगही बदललं आणि डोळ्याची खोबणही.

अर्ध्या अंशाचं गणित

एकच कॅमेरा अंतर कसं ओळखतो? पुढच्या गाडीचं चाक रस्त्याला जिथं टेकतं, तो बिंदू क्षितिजाच्या किती खाली दिसतो यावरून बराचसा अंदाज बांधता येतो. समजा कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर आहे आणि रस्ता सपाट आहे. ५० मीटर पुढे उभ्या असलेल्या मोटारसायकलचं चाक त्याला क्षितिजाच्या साधारण दीड अंश खाली दिसेल. दीड अंश म्हणजे ५० मीटर, हा हिशेब संगणकाच्या डोक्यात पक्का असतो.

आता नवी काच बसवताना कॅमेरा अर्धा अंश खाली झुकला, पण संगणकाला त्याचा पत्ताच नाही. तेच चाक त्याला दीडऐवजी एक अंशावर दिसतं आणि तो अंतर काढतो ७५ मीटर. कॅमेऱ्यानं अर्धा अंश वर तोंड केलं असेल, तर उत्तर येतं ३७ मीटर. पहिल्या गफलतीत ब्रेक उशिरा लागेल. दुसरीत तो विनाकारण लागेल, आणि आपल्या रस्त्यांवर विनाकारण ब्रेक म्हणजे मागच्या दुचाकीला थेट निमंत्रण. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात गाडी २५ मीटर अंतर एका सेकंदाच्या आत कापते. ब्रेक लावायचा की नाही हे ठरवायला संगणकाकडे तेवढाच वेळ असतो.

कॅमेरा आडवा सरकला तर वेगळीच गंमत. कॅरममध्ये स्ट्रायकर केसभर चुकला तरी जवळची सोंगटी खपून जाते, लांबची मात्र हमखास हुकते, तसंच इथंही. एक अंशाची चूक १०० मीटरवर पावणेदोन मीटर होते, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनची निम्मी रुंदी. शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्याच लेनमध्ये आहे असं कॅमेऱ्याला वाटू शकतं, किंवा आपल्यापुढची गाडी शेजारच्या लेनमध्ये.

अर्धा अंश ही काही ढोबळ चूक नव्हे. दहा सेंटिमीटर लांबीच्या ब्रॅकेटचं एक टोक एक मिलिमीटरपेक्षाही कमी उचललं गेलं, की झाला अर्धा अंश. सीलंटचा थर एका बाजूला किंचित जाड पडला तरी काचेचा कल बदलतो. कारागीर कितीही हुशार असला तरी त्याच्या हाताला आणि नजरेला हा फरक जाणवणार नाही. म्हणून तो यंत्रानं मोजायचा आणि गाडीच्या संगणकाला सांगायचा. कॅलिब्रेशन म्हणतात ते यालाच.

बाजारातली काच

काच मागवताना गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलला चार प्रकारच्या काचा असू शकतात : कॅमेऱ्यासाठी खिडकी असलेली, नसलेली, पावसाच्या सेन्सरची, आवाज कमी करणाऱ्या पापुद्र्याची. वेग वगैरे आकडे काचेवरच दाखवणारा हेडअप डिस्प्ले असलेल्या काही गाड्यांत तर मधला पापुद्रा वरच्या बाजूला जाड आणि खाली पातळ असतो. तिथं साधी काच बसवली की आकडे दुहेरी दिसतात. तेव्हा चॅसी नंबर द्यावा आणि त्यावरून आलेला पार्ट नंबर एस्टिमेटवर लिहून घ्यावा.

‘कंपनीची की लोकल’ हा पुढचा प्रश्न. गाडी बनवणारे स्वतः काच ओतत नाहीत. ती असाही इंडिया, सेंट-गोबेन सेक्युरिट असे काचवाले पुरवतात. सेंट-गोबेन सेक्युरिटचा कारखाना तर चाकणलाच आहे. काचेच्या कोपऱ्यात निर्मात्याचं नाव आणि सुरक्षा मानकाची खूण असते, ती पाहावी. पण ही खूण काच मजबूत आणि पारदर्शक असल्याची ग्वाही देते. कॅमेऱ्यासमोरचा भाग लाटरहित आहे का, ब्रॅकेट अचूक जागी आहे का, हे त्यावरून कळत नाही. अ‍ॅडासवाल्या गाडीला कारखान्यातून आली तशीच काच घ्यावी, याचं कारण हे.

तडा लहान असेल तर राळ भरून काम भागतं. मात्र तो कॅमेऱ्याच्या खिडकीत असेल, तर भरलेली राळ त्याच्या नजरेसमोर कायमची राहते. तिथं काच बदललेलीच बरी.

सीलंटचा संयम

जुनी काच तारेनं किंवा खास पात्यानं कापून काढतात. चौकटीवरचं जुनं सीलंट खरवडून साफ करायचं नसतं; त्याचा एक-दोन मिलिमीटरचा सारखा थर ठेवून त्यावर नवं सीलंट घालतात. खरवडताना रंग उडाला आणि तो प्रायमरनं झाकला नाही, तर कोकणातल्या हवेत तिथं गंज धरायला वेळ लागत नाही.

हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं, त्यामुळे कोरड्या थंडीत त्याला जास्त वेळ लागतो. पावसाळ्यातली दमट हवा त्याला मानवते, पण काच बसवताना चौकटीवर पाण्याचा थेंबही चालत नाही. गाडी किती वेळानं चालवायला सुरक्षित, हे सीलंटच्या नळीवरच्या सूचनेप्रमाणे ठरतं. घाई असली तरी तेवढा वेळ थांबावं. त्यानंतरही दिवस-दोन दिवस दार आपटू नये, एखादी खिडकी किंचित उघडी ठेवावी आणि वॉशिंग सेंटरला जाऊ नये.

फळा आणि रस्ता

कॅलिब्रेशनच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत गाडी सपाट फरशीवर उभी करतात आणि तिच्या मध्यरेषेवर ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या उंचीवर ठिपक्यांचा किंवा चौकटींचा फळा लावतात. फळा नेमका कुठं आहे हे संगणकाला माहीत असतं. तो कॅमेऱ्याला कुठं दिसतो यावरून कॅमेऱ्याचा कल काढला जातो. यासाठी टायरमध्ये नेमकी हवा हवी, डिकीत सामान नको, स्टिअरिंग सरळ हवं आणि फळ्यावर उन्हाची तिरीप नको. व्हील अलाइनमेंट बिघडलेलं असेल तर आधी ते करावं, कारण गाडीची मध्यरेषाच चुकीची धरली तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं.

दुसऱ्या रीतीत स्कॅनर गाडीच्या ओबीडी पोर्टला जोडून ठरलेल्या वेगानं गाडी चालवतात आणि रस्त्यावरचे पट्टे पाहून कॅमेरा स्वतःला लावून घेतो. त्यासाठी ठळक पट्टे आणि मोकळा रस्ता लागतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धीवर ते जमतं; पट्टे पुसलेल्या शहरी रस्त्यावर स्कॅनर नुसता वाट बघत बसतो. कोणत्या गाडीला कोणती रीत, की दोन्ही, हे गाडीची कंपनी ठरवते, कारागीर नव्हे.

‘दिवा लागला नाही, म्हणजे सगळं ठीक’ हा युक्तिवाद काउंटरवर हमखास ऐकू येतो. कॅमेऱ्याची वायर निघाली किंवा त्याला काही दिसेनासं झालं, तर दिवा लागतो. थोडासा कललेला कॅमेरा मात्र चित्र व्यवस्थित पाठवत राहतो, म्हणून दिवा लागेलच असं नाही. काही गाड्या चालता चालता किरकोळ फरक आपला आपण सुधारतात हे खरं, पण ती सोय कॅलिब्रेशननंतरच्या बारीकसारीक फरकासाठी असते. तेव्हा ‘आधी’ आणि ‘नंतर’चा स्कॅन रिपोर्ट छापून मागावा. त्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि कॅलिब्रेशन पूर्ण झाल्याची नोंद असते.

आपल्या गावात काच मिळाली पण फळ्याची सोय नसेल, तर काच बसवून मोठ्या वर्कशॉपपर्यंत जाताना मेनूतून लेन असिस्ट आणि आपोआप ब्रेक बंद ठेवावेत. बऱ्याच गाड्यांत इंजिन पुन्हा सुरू केलं की ते पुन्हा चालू होतात, हेही लक्षात असू द्यावं.

विमा आणि स्टिकर

सर्वंकष विमा असेल तर काचेवर घसारा कापला जात नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार आणि त्यावरच्या गाडीला दोन हजार रुपये मात्र स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. काचेचा क्लेम हाही क्लेमच असतो. नो क्लेम बोनस वाचवणारं वेगळं कलम पॉलिसीत नसेल, तर २० ते ५० टक्क्यांची ती सूट पुढच्या वर्षी जाऊ शकते. सर्व्हेअर येईल तेव्हा कॅलिब्रेशनची ओळ एस्टिमेटमध्ये असायलाच हवी. काम झाल्यावर ती घुसवणं कठीण जातं.

जुन्या काचेबरोबर फास्टॅगही जातो. तो सोलून नव्या काचेवर लावला की फाटतो आणि निकामी होतो, म्हणून बँकेकडून बदली टॅग घ्यावा आणि तो कॅमेऱ्याच्या खिडकीपासून दूर चिकटवावा. डाव्या कोपऱ्यातला नोंदणीचा होलोग्राम स्टिकरही नवा घ्यावा लागतो.

तर ती ओळ खोडू नये. उलट, एस्टिमेटमध्ये ती नसेल तर ‘का नाही?’ असं आपणच विचारावं. काच चांगली बसली आहे का हे डोळ्यांनी दिसतं, पाणी मारून तपासता येतं. कॅमेरा सरळ बघतो आहे का, हे फक्त तो रिपोर्ट सांगतो, आणि तो हातात पडेपर्यंत बिल चुकतं करू नये.

(पुढील लेखांक : टायरमधल्या हवेचा दाब गाडीला कसा कळतो?)